उद्या मामीच्या पुढ्यात

कामतघर, भिवंडी
शनिवार, १ मार्च २०२५

चि. विशाल पास्टर यास,

काळूराममामाचा सलाम आणि प्रभूच्या नावाने आशीर्वाद. ‘चि.’ आणि ‘पास्टर’ एका ओळीत शोभत नाहीत हे मला कळतं. पण दोन वर्षं आमच्या माळ्यावर झोपलेल्या पोराला नुसतं ‘आदरणीय’ लिहायला हात वळत नाही.

प्रार्थनेच्या गाळ्याचा पत्रा बसवून घेतला. चटया झटकून उन्हात टाकल्यात. उद्याच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस आणून ठेवलाय, आणि छोटे पेले मामीने नेहमीसारखे गरम पाण्यात धुवून पालथे घातलेत. हो, मामीनेच. जिला त्यातला एक मिळणार नाही तिने.

बघ, पत्र्यावरून सुरू केलं तरी गाडी तिथेच आली.

जे घडलं ते एकदा सरळ लिहितो. कमिटीत सगळेच एकदम बोलत होते, माझं अर्ध्यातच राहिलं. मामीच्या भाचीच्या, निशाच्या हळदीला आम्ही मामीच्या माहेरी गेलो. तिकडे धवलारीण बाई धवले, म्हणजे लग्नाची जुनी आशीर्वादाची गाणी, गायल्याशिवाय हळदीचा पहिला हात लागत नाही. मांडवात डीजे उभा होता, कॅमेरे होते, पण गावच्या धवलारणीचा, राहीबाईचा, घसा बसला. तोंड उघडलं की नुसता खोकला. निशा पाटावर बसून राहिली, हळद वाटीत सुकायला लागली आणि बाया कुजबुजू लागल्या, पोरीच्या नशिबात काहीतरी हाय. पोरगी रडायला लागली. मामीची आई त्या गावची धवलारीण होती. मामी उठली, डोक्यावर पदर घेतला आणि गायली.

त्या गाण्यांत देवांची नावं आहेत. मी लपवत नाही. मी तिला विचारलं, “तेवढ्या ओळी गाळायच्या व्हत्या ना गो?” ती म्हणाली, “भर मांडवात पोरीला अर्धाच आशीर्वाद देऊ?”

कुणीतरी व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत मंडळीच्या ग्रुपवर आला. तू कमिटी बोलावलीस आणि ठरलं की मामीने मंडळीपुढे उभं राहून माफी मागावी, तोवर प्रभुभोजन नाही.

तुझं म्हणणं मी विसरलो नाही. “मामा, आज धवला, उद्या जत्रेचा नारळ. तुमच्यासारख्या मंडळीच्या वडिलांच्या बायकोला सोडलं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने अडवू?” हे खोटं नाही. काल्हेरला गोडाऊनमध्ये ती नवी मंडळी निघाल्यापासून आपल्याकडे अर्ध्या चटया मोकळ्या पडतात. तू घाबरलास. घाबरलेला माणूस मूठ घट्ट आवळतो. त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही.

आमचा मितेश तिकडेच जातो, तुला ठाऊक आहे. तो आईला म्हणाला, “आमच्यात चल. मस्त म्युझिक, एसी, कोणी काय विचारत न्हाय.” ती एका रविवारी गेली. परत आली आणि पिशवीतून प्लास्टिकचा बंद पेला काढून फळीवर ठेवला. खाली रस, वर झाकणात भाकरीचा तुकडा, सगळं सीलबंद. दारावरच्या पोराने येईल त्याच्या हातात दिला म्हणे.

“घेतला का न्हाय?” मी विचारलं.

“हसून दिला त्यानं. पन माझ्याकडं बघितलं न्हाय. मी चोरी करून आली असती तरी तसाच दिला असता.”

मी म्हटलं, “अगं, प्रभूने वधस्तंभावर चोरालाच जवळ केलं.”

“केलं ना. पन त्याच्याशी बोलून केलं.”

यावर तू काय बोलला असतास?

तो पेला अजून फळीवर आहे. मितेश हसतो, “मम्मी, एक्स्पायरी बघ.” ती हसत नाही. तिला तिथलं फुकटचं नको आणि तुझ्यापुढे खोटं बोलून मिळालेलंही नको. माफीचं मी तिला तीनदा बोललो. “माझ्या तोंडाचा ताबा न्हाय, त्याची माफी मागीन. कुणाचं मन दुखवलं आसल, त्याची मागीन. पन रडत्या पोरीला गप केलं त्याची न्हाय मागनार. विशाल म्हनाला तरी न्हाय.” तुझं नाव घेतलं आणि उठून तुझाच डबा घासायला बसली.

वचनांत मी तुझ्याशी जिंकणार नाही. तू कॉलेजात शिकलास, मी लूमच्या खडखडाटात अक्षरं जुळवत वाचायला शिकलो. लूमचंच सांगतो. धागा तुटला की आम्ही लूम थांबवायचो, टोक शोधायचो, गाठ मारायचो. तुटलेला तसाच सोडला तर कापडात भोक पडतं, शेठ ते घेत नाही. पण धाग्याने आधी माफी मागावी म्हणून कोणी हात बांधून उभा राहिला नाही.

आता जे लिहायला बसलो ते.

मागच्या प्रभुभोजनाला ट्रे माझ्या हातात होता. बायांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत आलो. मामीचा हात सवयीने पदराखालून अर्धा बाहेर आला. मग तिला आठवलं, आणि हात मागे गेला. मी ट्रे पुढच्या बाईकडे नेला. तुझी आज्ञा पाळली. त्या दुपारी तिने तुझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं, डबा भरला, आणि तू तो रिकामा करून पाठवलास. तिच्या ताटातलं तुला चालतं, विशाल. तुझ्या टेबलावरचं तिला का नाही, हे तिने अजून एकदाही विचारलेलं नाही. म्हणून मी विचारतो.

उद्या ट्रे मीच उचलीन. दुसऱ्या ओळीत आलो की थांबेन आणि तिच्या पुढ्यात धरीन. घेणं न घेणं तिचं. हे तुझ्या पाठीमागे करायचं नाही, म्हणून आजच लिहितो. तू मला अडवायला आलास तर मी तुझ्याशी झटापट करणार नाही. ट्रे तुझ्या हातात देईन आणि तिच्या शेजारी चटईवर बसेन, पेला न घेता. पुढच्या महिन्यातही तिथेच बसेन. गोडाऊनमध्ये जाणार नाही. आम्ही जाऊ असं वाटत असेल तर ती भीती मनातून काढून टाक.

आणि तू स्वतःच माझ्या हातून ट्रे घेऊन तिच्यापर्यंत आलास, तर एवढंच कर. तिच्याकडे बघ आणि नाव घेऊन दे.

डबा उद्याही येईल. काहीही झालं तरी येईल, असं मामीने सांगायला लावलंय. बोंबील घालू की नको, ते मात्र विचारलंय.

उद्या सकाळपर्यंत मंडळीचा वडील,
आणि त्यानंतरही तुझा मामा,
काळूराम