स्लीपिंग बॅगवरचे टाके

दहिवली, १२ जून १९७४, दिवेलागण

शेजारचा सुरेश हिमालयातून आला. त्याच्या स्लीपिंग बॅगेतली पिसं पायाशी गोळा व्हायची, म्हणून मी गोधडीसारखे आरपार टाके घातले होते. बारीक, सरळ ओळीत. काय मिरवलं होतं मी!

आज दारात हळूच म्हणाला, "काकू, टाका पडला तिथं पीस दबलं गं. थंडी तिथूनच शिरायची. झोपच नाय लागली."

तेवढ्यात त्याची आई पेढे घेऊन आली. "तुज्या टाक्यांनी पोरगं उबेत झोपलं गं! त्योच सांगत व्हता."

सुरेश खाली बघत राहिला. माझी लाज राखायला आईशी खोटं बोलला पोरगा. मी तरी खरं सांगायचं ना? तोंडच उघडलं नाही.

उघडलं, ते पेढ्यासाठी.