धाकटीसकट घर

३ मार्च
घर विकायला काढलं! बाबांनी ते माझ्या नावावर केलं, पण मेख मारून गेले — धाकटी जिवंत आहे तोवर तिला इथून कुणी हलवायचं नाही. धाकटी म्हणजे माझी सावत्र आई. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान! दवाखान्यात आया होती. बाबांची उस्तवार करता करता गळ्यातच पडली.
घेणाऱ्यानं पैसे आज द्यायचे, घर ती गेल्यावर मिळणार. मुलगा म्हणतो, "असं घर कोण घेणार, आई?" घेईल कुणीतरी. मी आधी मेले तर ही इथं एकटी पाय पसरून बसेल. मेल्यावरही मला ते बघवायचं नाही. त्याआधी घराचे पैसे तरी माझ्या हातात पडू देत.

५ मार्च
धाकटीला बजावलं होतं, गिऱ्हाईक आलं की पांघरूण घेऊन पडायचं, कण्हायचं. "बरं," म्हणाली. एक मास्तर आणि त्याची बायको घर बघायला आत आले, तर ही पदर खोचून स्टुलावर! पंखा पुसतेय! वर म्हणे, "या, बसा. अजून दिवसभर जिना चढते-उतरते मी." दोघं चहा न घेताच पसार.

९ मार्च
पुन्हा तेच. दोरीवरच्या उड्या तेवढ्या मारायच्या राहिल्या.

१२ मार्च
माझा खोकला हटत नाही. धाकटी कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "ताई, छातीचा फोटो काढून घ्या." म्हटलं, तुझाच काढते, भिंतीवर लावायला!
हिला भारी कळतं! बाबांच्या वेळी डॉक्टर म्हणत होता, उठून बसतील. ही बाबांची कॉट खिडकीशी सरकवत म्हणाली, "उजेड बघू दे. गुरुवार काही बघणार नाहीत." बुधवारी गेले. मरणाचा वास येतो हिला, गिधाडासारखा.

१३ मार्च
नाही काढला फोटो.

१५ मार्च
आज एक टायरवाला घर बघायला आला. मुलानं घर दाखवलं. माझ्या खोलीत टायरवाला नुसता डोकावला — मी खोकत पडले होते. मग दाराबाहेर धाकटीला हळूच विचारतो, "तुमच्या आईचे किती दिवस राहिलेत हो?"
गाढवानं मलाच आई धरलं! आता ही फिदीफिदी हसणार, सगळं सांगणार, सौदा बुडणार. मी तोंडात पदर कोंबला.
हसली नाही. म्हणाली, "फार नाही."
काय नाटकी बाई! पहिल्यांदा माझ्या कामी आली.

१६ मार्च
सौदा ठरला. जिंकले!
धाकटीनं आज न विचारता माझी कॉट खिडकीशी सरकवली.