बी असलेलं केळं

बाबा, उद्या दहा वाजता मला मुख्याध्यापिकांनी बोलावलंय आणि आज सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. भात करपला, तोही वास येईपर्यंत कळलं नाही. मी माणिकपूरच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते आणि रविवारी त्याच मुलांना चर्चमध्ये धर्मशिक्षण. तुम्ही गेलात तेव्हा माझं बी.एस्सी.सुद्धा व्हायचं होतं. आता एका मुलीच्या वडिलांनी फोनवर कसलासा व्हिडिओ बघून तक्रार केलीय. टीचर उत्क्रांती शिकवतात तर त्याच तासाला हेही शिकवावं, की डोळ्यासारखी गोष्ट कोणी योजून घडवल्याशिवाय होत नाही. नाहीतर रविवारचा वर्ग सोडावा. फादर म्हणतात, "चर्चचं उत्क्रांतीशी भांडण नाही, घाबरतेस कशाला?" त्यांना काय जातं म्हणायला.

भांडण तसं जुनंच. दोनशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या एका पाद्र्याने लिहिलं होतं, की वाटेत घड्याळ सापडलं तर ते घडवणारा कोणीतरी असणारच. तुमच्याकडे घड्याळाच्या जागी केळं होतं. मी दहावीत आहे, स्वयंपाकघरात बसून उत्क्रांतीचा धडा पाठ करतेय. तुम्ही भुईगावच्या वाडीतून येता, माझ्यासमोर केळं सोलता. "बघ गो, मुठीत बसतं, साल कशी सुटते, आत बी नाही. हे आपोआप झालं?" मला उत्तर येत नाही आणि रडू येतं.

ते उत्तर मी कॉलेजच्या सहलीतून आणलं. तुंगारेश्वरच्या डोंगरात कवदर मिळालं, केळीचं रानातलं चुलत भावंड. तुम्ही कोयत्याने चिरलंत. आत काळ्या, टणक बिया, गर नावालाच. "रानातलं असं असतं," मी म्हटलं. "तुमचं केळं माणसांनीच निवडून निवडून केलंय." आई चुलीजवळून म्हणाली, "बापाशी असं बोलतात?" तुम्ही कोयता पुसलात.

दुसऱ्या दिवशी मला वाडीत नेलंत. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटले होते. अरुंद पानांचा एक जोमदार कोंब तुम्ही ठेवलात, बाकीचे उडवलेत. मग म्हणालात, "निवडतो मीच, ते खरं. पण हा मुळात फुटतो कशाने, ते विचार मला." मी विचारलं नाही. कॉलेजला उशीर होत होता, असं मी आईला आजवर सांगत आले. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

तक्रारीच्या आदल्या दिवशी ती मुलगी तास संपल्यावर थांबली होती. "टीचर, शाळेत एक सांगता, रविवारी एक. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी म्हटलं, "ते परीक्षेला नाही." मग तिने घरी जाऊन वडिलांना विचारलं. ही सगळी आग माझ्याच हातची आहे.

विज्ञानाच्या तासाला विज्ञानच शिकवीन, हे उद्या मी सांगणार आहे. रविवारचा वर्ग गेला तर जाईल, जीव तुटेल तरी. तिच्या बापाला मी तोंड देईन. पण ती मुलगी पुन्हा समोर येईल, तोच प्रश्न घेऊन, आणि तिला काय सांगू ते मला अजून कळत नाही.

हा कागद धर्मशिक्षणाच्या वहीत ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या दिवशी उशीर झाला नव्हता, बाबा. तुमचं उत्तर मला पटेल, या भीतीने मी विचारलं नाही.