पुढच्या तारखांचं चीज

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. आज गुरुवार आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या महिन्यापासून तुझा प्रत्येक फोन ‘आई, आज वार कोणता गं?’ इथूनच सुरू होतो. तू मुख्याध्यापिका आहेस ते ठीक, पण मी काही तुझ्या शाळेत नाही. फोनवर मी एखाद्या शब्दाला जरा अडखळले की तुला त्या अडखळण्याचीच काळजी लागते आणि मला काय म्हणायचं होतं ते बाजूलाच राहतं. म्हणून लिहायला बसले. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही.

त्या शनिवारी मी भाजी आणायला गेले आणि तू मला न विचारता फ्रीज साफ केलास. परत आले तर दाराशी कचऱ्याची पिशवी गाठ मारून ठेवलेली, आणि तू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडत होतीस. मला वाटलं, जावयांचं काही बरंवाईट झालं. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, आई, सध्या कोणतं साल चालू आहे? पिशवीत माझी चीजची नऊ पुडकी होती. त्यांच्यावर माझ्याच अक्षरात तारखा होत्या. एकावर येत्या मंगळवारची, काहींवर पुढच्या महिन्यातल्या, आणि सगळ्यात मोठ्या पुडक्यावर तर चक्क पुढच्या सालची. एकावर हिरवी बुरशीही होती. तू समजलीस की आईला काळाचं भान राहिलेलं नाही. मी इतकी भांबावले होते की साल सांगताना चुकले, आणि तिथेच माझा निकाल लागला. संध्याकाळपर्यंत तू मला तुझ्याकडे कायमची न्यायचं ठरवूनही टाकलंस. मी नाही म्हटलं ते तुझ्या लेखी आजाराचंच लक्षण ठरलं.

आता नीट ऐक. त्या चीजच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं काउंटरमागे उभी होते. तिथे आम्ही चीज आल्याची तारीख कधीच लिहिली नाही. आमचे मालक म्हणायचे, आला तो दिवस गेला, तो लिहून काय करायचंय? पुडक्यावर लिहायचं ते पुढचा कागद कधी बदलायचा ते. चीज प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळलं की त्याला घाम सुटतो, ते चिकट होतं आणि त्याला अमोनियासारखा वास मारायला लागतो. उघडं टाकलं की सुकून दगड होतं. म्हणून आधी बटर पेपर, मग सैल झाकणाचा डबा, आणि जागा म्हणजे फ्रीजमधला खालचा भाजीचा कप्पा, तिथे गारवा बेताचा असतो. ठरल्या तारखेला पुडकं सोडायचं, बघायचं, नवा कागद, नवी तारीख. मऊ चीजला तीन-चार दिवस, टणक असेल तर दोन-तीन आठवडे. मऊ चीजवर नको ती बुरशी आली तर मीच फेकून देते, त्यात हयगय नाही. पण टणक चीजवर एखादा ठिपका दिसला तर त्याच्याभोवतीचा बोटभर जाड भाग काढून टाकायचा, बाकीचं खुशाल खायचं. तू हिरवी बुरशी बघून फेकलंस ते सगळ्यात चांगलं पुडकं होतं.

आणि पुढच्या सालची तारीख होती ती ताटलीएवढ्या एका अख्ख्या गोलाची. वरून लाल मेण चढवलेलं. त्याला अजून चौदा महिने मुरायचं होतं. मालक म्हणाले होते, घरच्या फ्रीजमध्ये हे जमणार नाही बाई, म्हणून मुद्दाम आणला होता. खरं सांगू? मला पुढच्या सालची तारीख लिहायला आवडतं. माझ्या वयात ती लिहायला जरा निगरगट्टपणा लागतो, आणि तो मी आयुष्यभर पुरून उरेल इतका कमावला आहे. नवा गोल आणला आहे. त्याच्यावरची तारीख आणखी पुढची आहे.

मला राग चीजचा नाही आला. म्हणजे आला, पण दोन दिवसांनी उतरला. उतरला नाही तो वेगळाच. तू सहावीत होतीस तेव्हा शाळेचं फाटक दिसलं की माझा हात सोडवून घ्यायचीस, कारण माझ्या हातांना चीजचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मी लिंबाच्या सालीने हात चोळचोळून लाल करायची. तुझे बाबा म्हणायचे, पोर आहे, मोठी झाली की कळेल. तू मोठी झालीस, पण मी दिवसभर तिथे काय करते हे तू कधीच विचारलं नाहीस. दर आठवड्याला एक निवृत्त पोस्टमन यायचे आणि तोच विनोद करायचे, की कष्टाचं चीज होतं म्हणतात ते या दुकानात होतं होय. त्यांनाही ठाऊक होतं की पुडक्यावरची तारीख पुढची असते. गिऱ्हाइकाला जे माहीत होतं ते माझ्या लेकीला माहीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. ते लपवायचं वय आता गेलं.

तुझं अगदीच चुकलं असंही म्हणत नाही. मग तू मला नेलंस त्या डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मला दोनच आठवले. तिसरा ‘पूल’ होता, तो घरी येऊन चप्पल काढताना आठवला, पण तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले की वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या. तू त्यातलं ‘पुन्हा या’ तेवढं ऐकलंस. मागच्या थंडीत दूध गॅसवर विसरले आणि पातेलं जळलं, हेही खरं. आता दूध तापेपर्यंत मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसते. कंटाळा येतो, पण बसते. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. उद्या खरंच काही विसरायला लागले तर मी स्वतः तुला सांगेन, आणि तेव्हा तू म्हणशील तिथे येईन. पण तो दिवस मी ठरवणार.

त्या शनिवारी जाताना जिन्यात तू दादाशी फोनवर बोलत होतीस. तुला वाटलं, मला कमी ऐकू येतं. तू म्हणालीस, “आईचं आता काही खरं नाही. ती हो म्हणायची वाट बघत बसलो तर फार उशीर होईल.” मी दाराच्या आत उभी होते, तुझी विसरलेली छत्री द्यायला आले होते. छत्री अजून इथेच आहे.

हे सगळं मी कदाचित गिळून टाकलं असतं. पण परवा सकाळी न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आले, तर बैठकीच्या खोलीत एक परका माणूस टेप धरून भिंत मोजत होता. घरांचा दलाल. किल्ली तू दिलेली. मला बघून त्याला घाम फुटला. मी त्याला आधी दाराबाहेर काढलं, आणि मग माणुसकी म्हणून आत बोलावून चहा दिला. त्याच्याकडूनच कळलं की सामान न्यायला तू रविवारचा ट्रक ठरवला आहेस. काल मी दाराचं कुलूप बदलून घेतलं. नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या मिळाल्या. एक माझ्याकडे आहे, दुसरी या पाकिटात घातली आहे; कुरियरने पाठवते, म्हणजे उद्या तुला मिळेल. पत्र लिहायचं कारण एवढंच. मी पडले, आजारी पडले, फोन उचलला नाही, तर दार तूच उघडायचंस, दुसऱ्या कोणी नाही. तेवढा विश्वास माझा तुझ्यावर अजून आहे, कितीही चिडले असले तरी. ट्रकवाल्याला नको म्हणून कळव. रविवारी एकटी ये. किल्ली हातात असली तरी बेल वाजव आणि थांब. मला दारापर्यंत यायला जरा वेळ लागतो, पण दार मीच उघडणार आहे.

तुझीच, आणि अजून स्वतःचीही,
आई