रेवदंड्याच्या होडीत बसण्यापूर्वी केलेली व्यवस्था

मी, मीराबाई शामराव तांबे, वय सदुसष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार परळ, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. रक्तदाब आज सकाळी वाढलेला होता, पण त्याचे कारण पुढच्याच कलमात आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज वाटली नव्हती.

१. येत्या शनिवारी माझी एकुलती एक मुलगी मानसी हिच्या शिडाच्या होडीतून मी माहीमहून रेवदंड्याला जाणार आहे. मला पोहता येत नाही. होडी म्हणजे केवढी, तर चाकांच्या गाड्यावर चढवून मोटारीमागे ओढून नेता येते एवढी. डोलकाठी आडवी केली की आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मावते. रात्री वाटेत एखाद्या खाडीत नांगर टाकून तिच्यातच झोपायचे आहे. मी सुचवले, की चाके आहेतच तर रस्त्यानेच रेवदंड्यापर्यंत नेऊ, तिथे थोडी पाण्यात फिरवू आणि परत आणू. मानसी खूप हसली. यात हसण्यासारखे काय, ते मला अजून कळलेले नाही.

२. या होडीला दोन माणसे लागतात, एक सुकाणूवर आणि एक पुढच्या शिडाच्या दोरीवर. दोरीवर तिची मैत्रीण प्रिती असे. पावसाळ्यात पालिकेची माणसे डासांच्या अळ्या शोधत येतात, म्हणून गाड्यावर असताना होडीच्या तळाचे बूच आम्ही काढून ठेवतो, पाणी साचू नये. दसऱ्यानंतर माहीमला होडी पाण्यात लोटली तेव्हा ते बूच आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. किनारा जवळ होता म्हणून दोघींनी पाण्यात उतरून होडी ओढत आणली, पण प्रितीने कानाला खडा लावला. तेव्हापासून बूच मी मोटारीच्या किल्लीला बांधले आहे. ते माझ्या पश्चातही कोणी सोडवू नये.

मी मानसीला म्हटले, एकटी जायचे नाही. ती म्हणाली, “मग तू चल ना, आई. मी सोड म्हटलं की दोरी सोडायची, एवढंच काम.” मी हो म्हणून बसले. त्या दिवसापासून मला झोप नाही.

३. चाळीच्या जागी मिळालेले परळचे राहते घर, बँकेतील सर्व ठेवी आणि माझी बोरमाळ मानसीला. बोरमाळ मोडून होडीला नवे शीड घेऊ नये, असे लिहिणार होते. पण ती घेणारच, तर निदान चांगल्या कापडाचे घ्यावे.

४. माझे पती कै. शामराव गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाली तरी त्यांनी आपल्या पान्यांना गंज चढू दिला नाही. गाड्याच्या चाकांचे नट आज त्याच पान्यांनी आवळले जातात. ते मानसीला. कोणालाही उसने देऊ नयेत.

५. समोरच्या सुभद्राबाईंनी सोसायटीच्या सभेत होडीला भंगार म्हटले होते. मी ते विसरलेले नाही. तरीही माझे रक्तदाब मोजण्याचे यंत्र त्यांना द्यावे, कारण त्यांच्या गोळ्यांवर माझेच लक्ष असते आणि मी नसले की त्या नक्की चुकवतील. वस्तू मिळणार म्हणून त्यांना साक्षीदार होता येत नाही, याचा त्यांना राग आला आहे. येऊ दे.

६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. जेवणावळी नकोत. रक्षा समुद्रात सोडू नये. समुद्रात एकदा गेले तेवढे पुरे.

७. हे कलम तळमजल्यावरचे वकील अमित यांच्या सांगण्यावरून. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच राहतील. त्यांनी कच्चा मसुदा वाचला आणि चाचरत विचारले, “काकू, दोघी एकाच होडीत असणार ना? मग मानसीताईंच्या नंतर कोण, तेही लिहायला लागेल.” तेव्हा मी त्यांना फक्त चहा करून दिला. आज लिहिते. तसे झाल्यास सर्व काही परिचारिकांच्या वसतिगृहाला द्यावे. हे वाक्य मी पुन्हा वाचणार नाही.

८. शेवटचे. मानसीने मला बजावले आहे, की पाण्यात पडलो तर घाबरायचे नाही, तिला घट्ट धरायचे. मी मान डोलावली आहे. पण बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याला मिठी मारतो आणि मग दोघेही जातात. अशा जोड्या मी अपघात विभागात पाहिल्या आहेत. म्हणून मी तिला धरणार नाही. तिने धरले, तर सोडवून घेईन. हे तिला सांगितले तर ती मला नेणार नाही, एकटीच जाईल, म्हणून सांगितलेले नाही.

तेव्हा मानसी, आईचा हात माझ्याकडून सुटला असे आयुष्यभर म्हणत बसू नकोस. तो मी सोडला, आणि परळला घरात बसून, कोरड्या अंगाने, आधीच ठरवून सोडला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) मीराबाई शामराव तांबे

आमच्यासमक्ष बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या:
१. (सही) धनेश आनंदा सकपाळ, सोसायटीचे सचिव
२. (सही) मेघना रामजी घाडी, शेजारी

स्थळ: परळ, मुंबई
दिनांक: ८ जानेवारी २०२६