अर्ज लिहून देणार

सोलापूर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. काव्या हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती त्याला जुमानत नाही. शेंगाचटणीचा डबा तिने कालच तुझ्याकडे पाठवला. यंदा तिखटात तिचा हात जरा सैल सुटलाय, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विरघळतो आणि बोलायचं राहून जातं.

परवा तू विचारलंस, वकिलाला वेबसाइटवर काय चालतं आणि काय नाही. जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बापाला लेकीने काहीतरी विचारलं, याचंच आधी कौतुक वाटलं. तर ऐक. नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करतेस ते, एवढंच. 'नामांकित', 'हमखास' असले शब्द नकोत. जिंकलेल्या केसेसची जंत्री नको, अशिलांनी केलेली स्तुती तर नकोच. लिहायचंच तर कायद्याबद्दल लिही. पोटगीचा अर्ज कसा करतात, नोटीस आली तर आधी काय करायचं, हे साध्या मराठीत सांगणारे आपल्यात फार थोडे. ज्यांना गरज आहे ते वाचतात आणि कधीतरी आपणहून येतात.

मी वकिली सुरू केली तेव्हा दाराएवढी पाटी करून घेतली होती, लाल अक्षरांत. आमच्या सरांनी ती त्याच दिवशी उतरवायला लावली. म्हणाले, दार सापडण्यापुरती पाटी पुरे.

कामाबद्दलचे तुझे व्हिडिओ मात्र नेटवरून सगळे एकदम दिसेनासे झाले. का काढलेस ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. दोघंही वकील, टाळायचं कसं ते आपल्याला शिकवावं लागत नाही.

सोमवारी मायाक्का आल्या होत्या. मोहोळजवळच्या. सिद्धेश्वरीची आई.

सिद्धेश्वरीचं काम तू चांगलं केलं होतंस, हे मी आजही म्हणेन. मारहाणीला कंटाळून पोर तिकडे तुझ्या पुण्याला पळून आली, तू तिला संरक्षणाचा आदेश मिळवून दिलास, तिचा पत्ता नवऱ्याला कळू नये म्हणून कोर्टात भांडलीस. मग ती शिलाईचं दुकान चालवू लागल्यावर तिच्यावर व्हिडिओ केलास. नाव घेतलं नाहीस, चेहरा धूसर केलास. मशीनवर चालणारे तिचे हात, आणि वर तुझा आवाज: माझी अशील आज स्वतःच्या पायावर उभी आहे. तिच्यामागे दार उघडं होतं आणि दारातून पलीकडच्या पिठाच्या गिरणीची पाटी दिसत होती. तुला ती दिसली नाही. मलाही नाही, मी तर 'माझी लेक' म्हणून तो आमच्या वकिलांच्या ग्रुपवर फिरवला. तिच्या नवऱ्याला मात्र दिसली. गिरणीचं नाव विचारत विचारत तो तिच्या दारात पोचला.

तिने हो म्हटलं होतं, असं तू म्हणशील. जिने जाचातून सोडवलं त्या वकीलबाईंना ती बापडी नाही कशी म्हणणार होती?

नवरा आत आहे. त्याने सिद्धेश्वरी काही परत येत नाही. मातीला तू आली नव्हतीस, हेही मला मायाक्कांकडूनच कळलं.

त्यांना तुझ्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करायची होती. दोन वकिलांनी कामं असल्याचं सांगून त्यांना वाटेला लावलं. कोर्टाबाहेरच्या चहावाल्याने माझ्याकडे धाडलं, की म्हातारा आहे, लिहून देईल. त्यांनी मोबाइल पुढे ठेवला. तुझा व्हिडिओ गावातल्या कुणीतरी त्यात जपून ठेवलेला. एकदा दाखवला, पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, पुरावा म्हणून दाखवतायत.

"तोंड दिसंना, पन हात तिचंच हायती की," त्या म्हणाल्या. "तेवढंच ऱ्हायलंय तिचं हालतं."

मी त्यांना सांगितलं, ही वकीलबाई माझी मुलगी आहे. दुसऱ्या वकिलाकडे मी स्वतः घेऊन जातो. त्या बराच वेळ भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत बसल्या, सनद मिळाली त्या दिवशीचा.

"जित्ती हाय न्हवं?"

मी मान हलवली.

"मग लिवा."

मी लिहिला, काव्या. मी त्यांचा वकील होऊ शकत नाही, पण अर्ज लिहून देता येतो. लिहिताना तुझा राग आला. तू जिवंत आहेस याचा आनंदही झाला, आणि त्या बाईसमोर बसून असा आनंद होतोय याची इतकी लाज वाटली की पेन खाली ठेवावं लागलं. सामनेवालीचा, म्हणजे तुझा, पूर्ण पत्ता लागतो. त्यांना तो माहीत नव्हता. मी घातला, पिनकोडसकट.

नोटीस येईल. चेहरा धूसर होता, हे उत्तर देऊ नकोस. झालं ते झालं तसं सांग. सनद काही काळ जाईल, कदाचित कायमचीही जाईल. मला ते सोसेल की नाही ठाऊक नाही, पण तू खोटं बोललीस तर नक्की सोसणार नाही. वेबसाइटचं तूर्त राहू दे. आधी मोहोळला जाऊन ये. मी स्टँडपर्यंत सोबत येईन, त्यांच्या घरात मात्र तुझी तू जा.

आईला अजून काही बोललेलो नाही. तो डबा तिने फार हौसेने भरलाय.

अर्जावर मायाक्कांच्या अंगठ्याशेजारी माझी सही आहे. वकिलीचा शिक्का मारला नाही. इथेही तशीच सही करतो.

अर्ज लिहून देणार,
राजशेखर
(तुझा आप्पा)