नाला बाहेरगावी

"टोक सोडू नको," तुम्ही ओरडताय, बाबा, आणि मी मोजणीच्या साखळीचं टोक दोन्ही हातांनी धरून कोरड्या नाल्याच्या काठावर उभी आहे. दुसरं टोक घेऊन तुम्ही पलीकडच्या काठाकडे निघाला आहात. मधे एक जागा वरून वाळलेली दिसते, पण आत चिखल आहे. तुमचा डावा पाय पोटरीपर्यंत आत जातो. तुम्ही हात टेकता, चष्मा पडतो, आणि त्याच्यावर तुमचाच गुडघा येतो. मी हसते. तुम्ही चष्म्याची दांडी चिखलातून उचलता, तिच्याकडे बघता आणि म्हणता, "नाला गेला म्हणते शेठ. मंग हा पाय कोनं धरला?"

त्या दिवशी कोतवालाला ताप होता म्हणून साखळी माझ्या हातात आली होती. मी वर्ध्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुटीत घरी आले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सरकारी कागदात तुम्ही तलाठी होता, पण समुद्रपूरच्या त्या बाजूला लोक तुम्हाला जुन्या सवयीनं पटवारीच म्हणायचे. आदल्या वर्षीच्या पुरात नाल्यानं वळणावर काठ फोडला होता आणि सरकारी पडीक जमिनीतून सरळ वाट काढली होती. जुन्या वळणात पाणी येईनासं झालं. तिथं राहिला फक्त एक डोह, आणि डोहाच्या काठी झोपडीत एक म्हातारी, जी त्या डोहातले मासे आठवडी बाजारात विकायची. वळणाच्या दोन्ही अंगांना एकाच शेठजींची वावरं होती. मधला पट्टा त्यांना हवा होता. डोह बुजवायचा, जमीन सपाट करायची, तूर पेरायची. त्यासाठी तुमच्या पाहणीत एवढंच यायला हवं होतं की इथं आता नाला नाही, जागा रिकामी आहे. पुढचं वरून होणार होतं.

आज हे आठवायचं कारण माझ्यासमोरचा पेपर. आतल्या पानावर चार ओळींची बातमी आहे. दूर कुठल्या तरी देशात एका नदीला कायद्यानं माणसासारखे हक्क दिले आहेत आणि तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमली आहेत. मी बातमी दोनदा वाचली. पहिल्यांदा नवल वाटलं. दुसऱ्यांदा तुमचेच प्रश्न आठवले, जे तुम्ही जेवताना, दात घासताना, सायकलचं चाक पुसताना विचारायचात. नाल्याचं वय काय धरायचं? त्याची हद्द कुठली, उन्हाळ्यातली की पुरातली? त्याला नोटीस द्यायची तर ती चिकटवायला दार कुठे आहे? आणि पुरात त्यानं कुणाचा बैल नेला तर त्यालाही तालुक्याला बोलवायचं का? तुम्ही हे थट्टेनं विचारत नव्हता. उत्तर कुठल्या तरी कागदात असणार असा तुमचा समज होता, आणि तुम्ही तो कागद शोधत होता.

शेठजी स्वतः आले होते आपल्या ओट्यावर. चहा घेतला, आईची विचारपूस केली. "पटवारीजी," ते म्हणाले, "नाला उठून गेला. खाली जागा पडून राह्यली. बेकार झुडपं वाढून राह्यली. अर्ज नाल्यानं द्यावा तर त्याले लिहिता येत नाई, म्हणून मी दिला."

तुम्हीही हसलात. वाईट माणूस नव्हते ते. म्हणालात, "पाहून सांगतो."

आणि तुम्ही खरंच पाहायला लागलात. दप्तरातून निस्ताराचा जुना कागद काढलात, इंग्रजांच्या वेळचा, ज्यात गावानं कुठून काय घ्यायचं याची नोंद असते. नाल्याच्या नावापुढे यादी होती. पाणी, वाळू, गवत, मासे, गुरं धुणं, अंबाडी भिजवणं. वाचून झाल्यावर तुम्ही कागद मांडीवर ठेवलात. "सगळे हक्क याच्यावर आहेत," तुम्ही म्हणालात. "याचा सोताचा एक बी नाई."

आई भाकरी थापत होती. ती मला म्हणाली, "घरच्या माणसाले कधी इतकं विचारलं नाई. नाल्याले विचारून राह्यले तुहे बाबा."

"तो बोलत नाई ना," तुम्ही म्हणालात. "म्हणून."

"मी तरी कुठं बोलते," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

साखळी गुंडाळून आपण त्या दिवशी डोहावर गेलो. म्हातारी जाळं दुरुस्त करत होती. तुमचा चिखलानं भरलेला पाय बघून तिनं आधी पाणी ओतलं, मग विचारलं. तुम्ही तिला सांगितलं की नाला जागा सोडून गेला असं लिहायचं आहे, त्याआधी विचारायला आलो.

"गेला नाई, बापू," ती म्हणाली. "फिराले गेला. माह्या सासूच्या टायमाले बी गेलता. आला मंग, सात-आठ वर्सानं."

"कागदावर फिराले गेला असं लिहिता येत नाई, बुढीमाय."

"काऊन? माणूस कामाले गावाले जाते, तवा तुमी त्याच्या घरात दुसरं बिऱ्हाड घुसवता काय?"

 परतताना वाटेत तुम्ही दोनदा थांबलात. दुसऱ्यांदा थांबलात तेव्हा म्हणालात, "खातेदार बाहेरगावी, असं आपण लिहितोच की."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. दर वर्षी पीकपाहणीत तुम्ही ते लिहायचात. कुणी नागपूरला गिरणीत गेलेला असे, कुणी लेकीकडे. त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात हे दोन शब्द, आणि त्याची जमीन त्याचीच राहायची. त्या संध्याकाळी तुम्ही नाल्याच्या नंबरापुढे, तुमच्या त्या उभ्या किरट्या अक्षरात लिहिलंत: 'नाला बाहेरगावी. परत येण्याची शक्यता. डोह जागेवर हजर.' चष्मा मोडला होता, दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला दुरुस्तीला जायचा होता, म्हणून पान नाकाशी नेऊन लिहिलंत. वर्षानुवर्षं एकाच रकान्यात तेच शब्द लिहिणाऱ्या माणसाच्याच हातून होईल अशी ती चूक होती. की चूक नव्हती? मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठ दिवसांनी जीप आली. तुमच्यावरचे साहेब पुण्याकडचे होते, तरुण होते. चावडीसमोर खुर्ची टाकून त्यांनी ते पान उघडलं. चार माणसं उभी होती. शेठजी नव्हते. मी दाराशी होते.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. "नाला माणूस आहे का?"

"नाही साहेब."

"मग बाहेरगावी कसा जाईल?"

तुम्ही म्हणालात, "साहेब, गावात मारोतीच्या नावानं चार एकर आहे. सातबारावर मारोती आहे. त्याचं वय, बापाचं नाव मी कधी विचारलं नाही. दर वर्षी लिहितो."

"तो देव आहे."

"दगड आहे साहेब. शेंदूर लावला."

कुणीतरी हसलं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते हुशार होते. म्हणाले, "देवाच्या वतीनं पुजारी असतो. वहिवाटदार असतो. सही करणारा माणूस असतो. तुमच्या नाल्याच्या वतीनं कोण आहे?"

 मी तुमचा चेहरा पाहिला. पकडला गेलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. एखादी चांगली अडचण समोर आली की तुमचा चेहरा होतो तसा होता. तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला, "माहा अंगठा घ्या ना." या वेळी सगळेच हसले. साहेबही हसले, आणि जाता जाता तुमच्या हातात कागद देऊन गेले. तीन दिवसांत लेखी खुलासा. नाही तर निलंबन.

आणखी एक दिवस मला मधे सांगायला हवा, नाही तर पुढचं कळणार नाही. मी नववीत असताना तुमच्या वहीत एक आकडा चुकीचा उतरवला आणि ब्लेडनं हळूच खरवडून दुरुस्त केला. तुम्ही मारलं नाही. पान उजेडात धरून मला कागदाचा तो पातळ झालेला ठिपका दाखवलात. "खरवडलं की कागद खोटा होते," तुम्ही म्हणालात. "चुकलं तर रेघ मारायची आणि बाजूले सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे. काय चुकलं आणि कोणाचं चुकलं, दोन्ही." मग दोन दिवस तुम्ही मला वहीला हात लावू दिला नाही.

तर खुलासा. साहेबांचा कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. चष्मा आला नव्हता म्हणून तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होते. आई आतल्या खोलीत होती, पण तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती. घरात पगार आणणारे तुम्ही एकटे. ताईचं लग्न ठरलेलं. तुम्ही खाटेवर बसून, डोळे मिटून, सावकाश सांगितलंत: 'सदर नाला जागेवर गैरहजर असला तरी त्याने जागेचा कब्जा सोडल्याचे दिसून येत नाही. त्याचे वतीने बोलणारे कोणी नेमलेले नाही, ही उणीव नाल्याची नसून आपली आहे.'

हे वाक्य मी त्यानंतर कुठल्याही पुस्तकात इतकं सरळ वाचलेलं नाही. मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं: 'सदर शेरा नजरचुकीने लिहिला गेला असून तो रद्द केला आहे. तरी माफी असावी.' तुम्ही म्हणालात, वाचून दाखव. मी तुमचं वाक्य वाचून दाखवलं. कागदाकडे बघत, न अडखळता, जे कागदावर नव्हतं ते. तुम्ही मान हलवलीत. सही करण्याआधी कागद नाकाशी नेलात आणि बराच वेळ तसाच धरलात. सहीची जागा शोधताय असं मी स्वतःला सांगितलं.

निलंबन झालं नाही. उन्हाळ्यात तो पट्टा शेठजींच्या नावावर चढला. डोह बुजवायला बैलगाड्या लागल्या, तेव्हा म्हातारी जाळं घेऊन आष्टीकडे भाचीकडे गेली. आईनं तिला शिदोरी दिली. तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या गावाच्या पाहणीला गेला होता. त्यानंतर तुम्ही सहा वर्षं जगलात आणि आपण त्या कागदाविषयी एकदाही बोललो नाही.

नाला परत आला का, हे तुम्ही आधी विचाराल. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी, शहाऐंशी-सत्त्याऐंशी असेल, मी एस.टी.नं तिकडे गेले होते. आला असं म्हणता येत नाही. नवीन वाटेनंच वाहतो. पण जुन्या वळणाच्या जागी दर पावसाळ्यात आठ-दहा दिवस पाणी उभं राहतं आणि तेवढीच तूर सडते. शेठजींचा मुलगा बांधावर भेटला. "समजत नाई, ताई," तो म्हणाला, "वरून येत नाई, बाजूनं येत नाई. खालून येते." मी त्याला विचारलं, सडलेला भाग किती रुंद आहे. त्यानं हात पसरून दाखवलं. मला ते माप माहीत होतं. साखळीचं एक टोक माझ्या हातात होतं.

पेपरातली ती दोन माणसं कशी निवडली असतील, याचा मी सकाळपासून विचार करते आहे. त्यांना नदीनं पसंत केलं हे कसं ठरवलं? एखाद्यानं तिचं म्हणणं बाजूला ठेवून आपल्याच घरच्यांसाठी दुसरं काही लिहिलं, तर ते कुणाला कळणार? मला हे विचारायचा हक्क आहे असं नाही. त्या खाटेसमोर बसून जे वाक्य लिहायचं होतं ते लिहायला माझी नेमणूक झाली होती, आणि मी ते गाळलं. ते वाक्य आज पहिल्यांदा कागदावर आलं आहे, आणि हा कागद कुठे पाठवायचा नाही. बातमीच्या कात्रणासोबत घडी करून ठेवेन.

खुलाशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून दप्तर सोडलंत. ते पान खिडकीशी नेलंत, पट्टी ठेवून त्या शेऱ्यावर एक सरळ रेघ मारलीत आणि बाजूला सही केलीत. मग पान माझ्यापुढे धरून विचारलंत, "खालचं वाचता येते?" मी वाचून दाखवलं. "बरं," तुम्ही म्हणालात, आणि खुलाशाचं पाकीट घेऊन समुद्रपूरच्या पहिल्या एस.टी.साठी निघालात.